काचेचं सामान

बेंगळुरूची रात्रीची बस
अनमोडचा घाट उतरून फोंड्याला सहाला येते. आज पावणेनऊ.
क्लीनरनं डिकी उघडली: आल्याची पोती, कुणाचा तरी पंखा
आणि तळाशी, पोत्यांखाली, थर्माकोलचा खोका.
वर लाल शाईत: काचेचं सामान.
एक कोपरा आत दबलेला,
अंगठा मावेल एवढा.

मी टपाल कचेरीत पार्सलं तोलते, बावीस वर्षं.
‘सांभाळून’ लिहिलेल्या खोक्यांचं काय होतं
ते मला माहीत आहे.

मागवला होता गुरुदासनं, माझ्या भावानं.
कागदपत्रं केली, काचेची पेटी आणली, तापमापक चिकटवला,
आणि खोका यायच्या नऊ दिवस आधी
त्याला जहाजावरून बोलावणं आलं.
“फक्त पाणी बदल,” म्हणाला जाताना,
जशी काही तुळस ठेवून चाललाय.

आई नाव घेत नाही.
उजेडी जनावर म्हणते, दिवे लागले की लांबडं.
“ते आलं का?” दाराआडूनच.
सातेरीच्या रोयणीपुढे हात जोडणारी बाई,
आफ्रिकेतल्या या पाहुण्याला
हात जोडावे की केरसुणी धरावी, ठरत नव्हतं तिचं.

पिशवीची गाठ विणायच्या सुईनं सोडवली.
आत मुठीएवढं वेटोळं,
तपकिरी, चहा सांडून वाळल्यासारखे डाग.
नाकाचं टोक सोललेलं. रात्रभर कापडाला घासत
वाट शोधली असणार.
ओठाशी सुकलेलं रक्त,
आणि पाठीत एका जागी
रेघ ओढताना हात हलावा तसा बाक.

फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता.
“इथून निघाला तेव्हा ठीक होता, मॅडम. फोटो पाठवा.
मेला तर बदली देतो.”
“आणि जगला तर?”
तो थांबला.
हा प्रश्न त्याच्या यादीत नव्हता.

डॉक्टर लुर्दिना नोरोन्या गुरं बघतात, कुत्री बघतात.
एक्स-रे खिडकीत धरून
बोटानं बरगड्या मोजू लागल्या, मधेच चुकल्या,
पुन्हा पहिल्यापासून.
“दोनशेच्या वर असतात गो ह्याला. तीन मोडल्यात.
प्लास्टर नाही. हाताळायचं नाही. आठवडाभर खायला नाही.
एक बाजू ऊबदार. खाली माती नको, कागद.
नाकाला आयोडीन, कोऱ्या चहाइतकं पातळ.”
जाता जाता:
“आणि तू सारखी बघत बसू नकोस.”

कागद म्हणून अंथरले
कचेरीतले मनीऑर्डरचे जुने फॉर्म.
कुणी भरत नाही आता.

शेजारच्या प्रेमावती वाटीभर दूध घेऊन आल्या.
पीत नाही म्हटलं.
“असं तो सांगतो का तुझा भाऊ?”
आईनं ते दूध रात्री चहात ओतलं.

रविवारी गुरुदासचा व्हिडिओ कॉल. मागे गोल खिडकी,
समुद्र तिरका.
“दाखव.” दाखवला,
सोललेलं नाक भिंतीकडे राहील अशा बेतानं.
तोही डावाच हात हलवत होता सारखा.
जहाज जरा कललं तेव्हा
उजव्या मनगटाशी पांढरं काही दिसलं, गेलं.
मी विचारलं नाही.
“धड पोचला ना?”
“पोचला.”

दहाव्या दिवशी पिशवीत घालून तोलला.
सहाशे बारा ग्रॅम. आला तेव्हा सहाशे चाळीस.
कचेरीत असं कमी भरलं तर
कारण लिहायला रकाना असतो.

त्या रात्री आईनं हलवून उठवलं.
हातात बॅटरी, तिच्यावर पदर धरलेला,
उजेड त्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.
“ऊठ,” ती कुजबुजली.
“तो पाणी प्याला.”

तो, म्हणाली.