तिसरं गाणं

तीस वर्षांनी पुन्हा काढलाय अल्बम,
धुऊनपुसून. रंकाळ्यावर गाडी लावून ऐकला,
काचा वर करून.

तिसऱ्या गाण्यात बेस नाही.
मागं नेलं, परत लावलं. नाहीच.
म्हणजे आहे, पण कसलातरी बारीक, सभ्य.
ती खालची घरघर कुठाय,
जिच्यावर मी इतकी वर्षं मान हलवत आलो?

मग उजेड पडला.
उद्यमनगर. दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून,
तू श्वास रोखून,
आणि पत्र्यापलीकडं तुझ्या अब्बांचा लेथ,
ऑइल इंजिनचा शाफ्ट घासत.

आता तिथं टाइल्सचं शोरूम आहे, दिलावर.
कॅसेट तुझ्याकडं राहिली की माझ्याकडं?
फोन लावतोय.
म्हणशील,
भावा, किती वाजले बघ की.