दोन जीबी

सर्जेरावमामानं कोइमतूरचं गलाईचं दुकान मोडलं
तेव्हा विट्याला ट्रकमधनं आलं ते एवढंच:
तराजू, दोन चिमटे, राखेचं एक पोतं
(राख टाकत नाहीत आमच्यात, तिच्यात सोनं असतं)
आणि गादीत गुंडाळलेला, आजाऱ्यासारखा
हा कॉम्प्युटर.

रॅम दोन जीबी. डिस्क चाळीसची, त्यातली निम्मी खराब.
बटण दाबलं की आधी खोकतो,
मग पंखा, मग बराच वेळ काहीच नाही,
मग ती हिरवी टेकडी.

मला वेबसाइट बनवायला शिकायचं होतं.
पतपेढीतली नोकरी सुटली होती, वेळ होता,
पैसे नव्हते.

यासीन मुलाणीनं झाकण उघडून आत फुंकर मारली.
"नवी विंडोज? ह्याच्यात?
एका खोलीत अख्खं वऱ्हाड उतरवायचं म्हणतेस."
मग जुनीच ठेवू?
"जुनीत साइट उघडंनात. जगानं कुलपं बदलली,
तुझ्याकडं किल्ली तीच हाय."

मग त्यानं विचारलं, बत्तीस बिट का चौसष्ट,
स्थळ बघताना देवक विचारतात तसं.
बत्तीस निघालं.
"मग निम्मी स्थळं इथंच गेली," म्हणाला.

उबंटू जड. मिंट छान दिसायचं, पण आता बत्तीसला दार बंद.
पपी चालतं म्हणे पेनड्राइव्हवरनं, पाहुण्यासारखं,
रात्रीला थांबत नाही.
राहिलं डेबियन. साधं, जरा अबोल,
वर हलकासा डेस्कटॉप.
मी वहीत त्याच्याभोवती गोल केला.

अडलं ते मामाच्या हिशेबावर.
बावीस वर्षांचं दुकान त्या टेकडीमागं होतं
आणि ते सॉफ्टवेअर दुसरीकडं कुठं उघडत नव्हतं.
यासीन म्हणाला, एकाच घरात दोन चुली मांडता येतात,
पण ह्या घराला भिंत घालायलासुद्धा जागा न्हाई.

मामाला सांगितलं.
तो काही बोलला नाही. खुर्ची ओढून बसला,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.
चार दिवस लिहीत होता वहीत.
शेजारचे माग सुरू झाले की व्होल्टेज पडायचं,
मशीन बंद, मामा तसाच बसून,
पेन उघडं.
मला वाटलं, येणी उतरवतोय.
पाचव्या दिवशी वही पुढं सरकवली:
"पूस आता."
सगळी देणीच होती. कुणाचं किती ग्रॅम, कुणाची मजुरी,
एका चहावाल्याचे एकशेदहा रुपये.
येण्यांचं एक पानही नाही.

रात्री पेनड्राइव्ह लावला.
नाव विचारलं, तेजश्री लिहिलं,
लहान अक्षरानं सुरू करा म्हणाला. केलं.
गाव विचारलं, नकाशात विट्याजवळ क्लिक केलं,
ठिपका उडी मारून कोलकात्याला बसला.
मग विचारलं,
पूर्ण डिस्क पुसायची का?
मी उठून पाणी पिऊन आले.

सकाळी नवी पाटी. टेकडी नाही, करडा रंग.
उठून बसायला दीड मिनिट लागतं त्याला,
पण बसतो.

पहिलं पान मी कुणाला दिसेल असं केलंच नाही,
लोकलहोस्ट, म्हणजे घरातल्या घरात.
त्यात मामाची वही: नाव, गाव, ग्रॅम, रुपये.
रेघा वाकड्या आल्या, एका गावाचं नाव दोनदा आलं,
मामानं तरी वरपासनं खालपर्यंत
बोट लावून वाचलं.

कोइमतूरला मनिऑर्डर जाते अधूनमधून,
पोरानं फोनवरनं पाठवली तरी मामा तिला
मनिऑर्डरच म्हणतो.

परवा आतल्या खोलीतनं हाक आली:
"तेजे, सेल्वराजचं फिटलं."
मी ती ओळ निवडून डिलीटवर बोट ठेवलं.
"काढू नगंस," मामा दारात उभा होता,
"रेघ मार नुसती. नाव दिसलं पायजे."

रेघेसाठी कुठला टॅग लागतो,
तेवढं शोधायला दुपार गेली.