पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसे

वडील शेवाळवाडीच्या जकात नाक्यावर कारकून.
ताडपत्री उचलून माल मोजायचे.
माल कोणाचा, त्याच्या घरी काय शिजतं,
असा रकाना पावतीपुस्तकात नव्हता.

मी नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
लोकांची विवरणपत्रं भरतो.
जुलैचा शेवटचा आठवडा, साइट गरगर फिरतेय,
आणि समोर बाणेरचे बोपर्डीकर:
"चार माणसं भरतात हो, बाकी देश फुकट जेवतो."
मी मान हलवतो. फी यायची असते.
त्यांच्या मेव्हण्याचं रविवार पेठेत हार्डवेअर,
तिथे वह्या दोन, एक निळी, एक खरी.
"आमचा मात्र पगाराआधीच कापतात."
हे ते खरं बोलतात.

झुंबराबाई फडकं घेऊन वाकतात,
"पाय वर घ्या, साहेब."
साहेब घेतात.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
त्या रुमालातून पॅनकार्ड काढतात.
"माझं पण भरा. पोराच्या लोनला कागद मागत्यात."
मी विचारत जातो. पगार किती?
आणखी किती घरं? बँकेचं व्याज?
त्या पदर सावरून नीट बसतात,
चौथ्या घराचे सहाशे विसरले होते, तेही सांगतात.
इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं:
खिशात हात घालण्याआधी
"बाई, तुमच्याकडे आहे किती?"
एवढं तरी हाच एक कर विचारतो.

देय कर: शून्य.
"म्हंजे मी सरकारला कायच देत नाय?"
आवाज थोडा खाली.

तेवढ्यात त्यांचा फोन टुणकन वाजतो,
रिचार्ज उद्या संपतोय. दोनशे नव्याण्णव.
मी सवयीनं कॅल्क्युलेटर ओढतो.
आतला कर पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसे.
दुपारी बोपर्डीकरांनी हाच मारला होता,
याच खुर्चीत, माझ्याच वायफायवर.
त्यांचेही पंचेचाळीस एकसष्ट.
पैशाचाही फरक नाही.
आणि लोक म्हणतात, नाका उठला.

कागद छापून देतो,
मागे पेन्सिलीनं तो आकडा.
"हे काय?"
"तुम्ही भरलेलं. एका रिचार्जचं."
त्या आकड्याकडे बघतात, कागद उलटा, सुलटा.
"मग याची पावती?"

वडील निदान
पावती फाडायचे.