टिचकी

वेस्प्रेममध्ये म्हणतात, एक तर वारा सुटलेला असतो
नाहीतर घंटा वाजत असतात.
आमच्या तळघरात दोन्ही पोचत नसत.
तिथे होती एक काचेची नळी, माझ्याहून हातभर उंच,
तळाशी भाजलेल्या मातीची सच्छिद्र चकती,
चकतीवर गुडघाभर पांढरी भुकटी,
आणि व्हॉल्व्हपाशी स्टुलावर एटेल्का,
जी आधी अकरा वर्षं पिठाच्या गिरणीत होती
आणि अजूनही घरी निघताना भुवया झटकायची.

व्हॉल्व्ह पाव आटा उघडला
की वायू दाण्यादाण्यांमधून अंग चोरून वर सरकतो.
भुकटी ढिम्म.
आणखी पाव. दाबमापीतलं निळं पाणी चढतं,
मी वहीत मिलिमीटर मांडतो: ऐंशी, एकशे साठ, दोनशे चार.
दोनशे चार.
दोनशे चार.
वायूनं भुकटीचं सगळं ओझं उचललेलं असतं,
आणि ओझं होतं तेवढंच होतं.
यापुढे कितीही रेटा, आकडा हलत नाही.

मग ढीग ढीग राहत नाही.
नळी कलती केली तरी वरची पातळी आडवी,
पिंगपाँगचा चेंडू तरंगतो, लोखंडी नट बुडतो.
मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो होतो.
एटेल्का म्हणाली, हसू नका,
पीठ असं झालं की गिरणीत आम्ही विडी विझवायचो.

त्या जानेवारीत कारखान्यानं नवी पोती धाडली.
इतकी बारीक, की बोटांना ती कोरडी वाटायची नाही,
थंड वाटायची.
वायू सोडला. सगळी भुकटी एकजुटीनं वर उचलली,
बाटलीतल्या बुचासारखी,
मग एक तडा गेला, तिरका,
आणि काचेलगत उंदराचं बीळ पडलं एक.
सगळा वायू त्या बिळातून पसार.
बाकीची भुकटी जागच्या जागी, चिकटून,
एकमेकींच्या गळ्यात पडलेली,
वारा शेजारून गेला हेही तिला ठाऊक नाही.
निळं पाणी कोसळलं. एक्काहत्तर.

डॉक्टर सोम्लाई बोडोग यांनी तीन फळे भरून समीकरणं मांडली.
कणांमधली ओढ वजनाहून मोठी, असं निघालं.
म्हणजे जे दिसत होतं तेच, पण ग्रीक अक्षरांत.

एटेल्कानं हातमोजा काढला,
मधलं बोट अंगठ्याखाली दाबलं
आणि काचेवर टिचकी मारली.
बीळ ढासळलं.
दुसरी टिचकी, वीतभर खाली.
भुकटीच्या अंगातून एक शिरशिरी गेली,
पातळी फुगली, चार बोटं, सहा,
एकही बुडबुडा नाही, नुसती दुधाची साय हलावी तशी.
दोनशे एक.

बोडोग म्हणाले, पुन्हा मारा. किती जोरानं?
ती म्हणाली, झोपलेलं मूल जागं होईल,
पण रडणार नाही, इतक्या.
याचं एकक काय लिहायचं, मला कळेना.
वहीत ती जागा अजून रिकामी आहे.

वसंतात आम्ही नळीला कंपन देणारी मोटर लावली,
सेकंदाला पन्नास हिसके.
भुकटी उठायची, हो. अहवालात मोटरच गेली.
पण तिच्या गुरगुरीत
आत काय चाललंय ते ऐकू यायचं बंद झालं,
आणि एटेल्का स्टूल जरा मागे घेऊन
लोकर विणायला लागली.

ऑक्टोबरात ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी
शेवटची चाचणी तीच, साधी:
व्हॉल्व्ह एका झटक्यात बंद करायचा
आणि घड्याळ लावायचं.
जाडी वाळू असती तर धपकन बसली असती.
ही बसत नाही. आत घेतलेला वायू
दाण्यादाण्यातून उसासत सोडते,
पातळी इतकी हळू उतरते की डोळ्यांना वाटतं थांबलीय.
पन्नास सेकंद. सत्तर.
बोडोग कोटात एक हात घालून तसेच उभे.
एक मिनिट छत्तीस.

मी घड्याळ दाबलं.
एटेल्का म्हणाली, अजून नाही,
आणि काचेला कान लावला.