पिकलेलं पाणी

भांडुपच्या मिठागरात, मे महिन्यातल्या दुपारी
पोशा केणी म्हणाला, थांब गो, पाय घालू नको,
पानी पिकलाय.

मी वाकून पाहिलं. कुंडी गुलाबी झाली होती,
कुणी जास्वंद चुरडून हात धुतल्यासारखी.
वहीत लिहिलं : क्षारता एकतीस टक्के. तापमान चव्वेचाळीस.
पोशानं एक थेंब जिभेवर ठेवला, थुंकला,
म्हणाला, चार दिस. मंग मीठ धरल.
चौथ्या दिवशी धरलं.

बाटली भरून कलिन्याला आणली.
सूक्ष्मदर्शकाखाली आधी काहीच नाही.
मग काचेच्या चकत्यांसारखे, पातळ, चौकोनी.
जीव चौकोनी असतो हे पुस्तकात वाचलं होतं,
पण पोशाच्या कुंडीत
पोशाच्या कुंडीच्याच आकाराचे,
मधे बांध घातल्यासारखे एकमेकांना लागून!
हे कुणी आखलं
ते विचारायला प्रयोगशाळेत कुणी नव्हतं.

ते चौकोनी माझ्या बशीत वाढलेच नाहीत.
वाढले ते दुसरे : गोल, विटकरी, सावकाश.
एकवीस दिवस.
शेजारच्या टेबलावर तन्वीरचे जिवाणू
रात्रीत बशी भरून टाकायचे
आणि तो मला विचारायचा, तुझे उठले का?

दुधाची बशी लावली.
घरी दुधात मिठाचा खडा पडला तर
आई दिवसभर बोलायची.
इथे मुठीनं टाकावं लागतं,
तेव्हा कुठे ठिपक्याभोवतीचं दूध निवळतं,
एक स्वच्छ कडं उमटतं.
विकर बाहेर पडलाय, कामाला लागलाय.

विकर. विकाराशी त्याचं नातं नाही, विक्रीशीही नाही,
तरी अर्जात रकाना असतोच : उपयुक्तता.
मी लिहिते, कातडी कमावणे, डागांचे साबण, खारवलेल्या मासळीचा रस.
हे लिहीत नाही, की जिथे बाकीचे विकर गोठून गोळा होतात
तिथे हा पाण्याचा पातळ पदर अंगाभोवती आवळून
उभा राहतो,
आणि मीठ काढून घेतलं की त्याची घडी मोडते.
परत घातलं तर
कधी बसते घडी. कधी नाही.

एका गुरुवारी झोप अपुरी होती
आणि मी चुकीची बाटली उचलली.
साधं पाणी. गोडं, गाळलेलं, प्यायच्या पाण्याहून शुद्ध.
नळीतला गढूळ गुलाबी रंग
बघता बघता आरपार झाला.
सगळे फुटले.
तन्वीर म्हणाला, छान विरघळलं की.

उरलेल्यांतून एक वाण टिकला. उणे ऐंशीच्या पेटीत ठेवताना
झाकणावर लिहिलं : पोशा-७.

त्याला सांगायला गेले तेव्हा मिठागराचा करार संपून वर्ष झालं होतं.
मुलुंडला, लेकीच्या घरी, अकराव्या मजल्यावर होता तो.
आधीच्या सहांचा काय झाला, त्यानं विचारलं.
मेले, मी म्हटलं.
खायाला काय घालतेस त्यांना?
मीठ. थोडं यीस्ट. बाकी मीठच.
मंग खाल्ल्या मिठाला जागतान त, म्हणाला
आणि हसताना त्याला खोकला आला.

मग त्यानं मला खिडकीच्या जाळीशी नेलं.
तिथे कपड्यांच्या चिमट्यांखाली, उन्हात
ॲल्युमिनियमची परात होती. काठाला पांढरी रेघ.
नातवानं ऐरोलीच्या पुलाखालून कॅनमधून आणलेलं पाणी,
लेकीला वाटतं कबुतरांसाठी आहे.
रंग अजून नव्हता. किंवा असेल, परातीत कळत नव्हता.

माझ्या पिशवीत मीटर होता. नळ्याही होत्या.
चाखून बघ, तो म्हणाला.
मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं.
कडू, मग खारट, मग पुन्हा कडू.
बराच वेळ मला आकडा सुचला नाही.

अजून धा दिस, तोच म्हणाला,
आणि परात वितभर सरकवली,
ऊन सरकलं होतं तिकडे.