उत्कर्षाचे बाबा

महापालिकेच्या शाळेतला दुसरीचा वर्ग.
बाक एवढासा, की गुडघे आधी आत जातात
आणि मग बाहेर यायला तयार होत नाहीत.
पोरगी म्हणते, बाबा, वाकडं बसा, सगळे तसंच बसतात.
खरंच की.
भाजीवाली रत्नमाला घोरपडे, दोन्ही पोरांच्या मधे अडकलेली.
रिक्षावाला इस्माईल, मांडीवर धाकटी पेंगतेय.
कवलापूरचे एक आजोबा, नातवाच्या दप्तराला टेकून.
मुजावर बाई कुणालाच मोठं धरत नाहीत.
हजेरीत पोरांची नावं, मग आमची, तीही पोरांचीच.
“उत्कर्षाचे बाबा?”
मी हात वर करतो. पिवळा हात.

एकोणीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद उचलतोय.
साबण लावा, राख लावा, रॉकेल लावा,
नखाच्या मुळाशी राजापुरी राहतेच.
वहीचं पान दहा मिनिटांत लग्नपत्रिका होतं,
चारी कोपऱ्यांना हळद.
पोरगी हसली. मग गुपचूप
आपल्या पानालाही माझं बोट लावून घेतलं.

हातात आकडा धरूनच जन्म गेला,
पोत्यात रुतवायचा, पाठीवर ओढायचा.
फळ्यावरच्या आकड्याला कुठं धरायचं, कळेना.
तीन आणि सहा, भांडलेल्या जावांसारखे
पाठीला पाठ लावून उभे.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो हा,
हे चाळिशीत दिसलं.
तोवर नुसतंच म्हणत होतो.

पोत्यावर व्यापाऱ्याचे शिक्के असतात.
हे छत्रीवालं, ते शेपूटवालं, ते विळ्यासारखं,
असं ओळखायचो. एकदाही चुकलो नाही.
परवा विळ्यानं तोंड उघडलं
अन् ‘र’ म्हणाला.
मी तिथंच थांबलो.
मागचा हमाल आईवरून ओरडला.

उत्कर्षा.
सिव्हिलमधल्या नर्सनं सुचवलं, कानाला बरं वाटलं, ठेवलं.
लिहावं लागेल हे कुणाच्या डोक्यात होतं?
त अर्धा, क अख्खा,
ष पोटफोड्या,
आणि र त्याच्या डोक्यावर चढून बसलेला,
जत्रेत पोर बसावं तसा.
ती म्हणाली, बाबा, कमल ठेवायचं होतं,
सगळं सुटं, काना पण नाही.
सहा वेळा लिहिलं. पाचव्यांदा र खाली पडला.

गेल्या शुक्रवारी बाई म्हणाल्या,
घरातल्या माणसाबद्दल एक वाक्य लिहा
आणि वह्या बदला.
मी लिहिलं, पोरगी भात खात नाय.
तिनं तांबडी पेन्सिल काढली:
“‘नाय’ नाही, ‘नाही’.”

मग मी तिचं घेतलं. बोट ठेवून.
बाबा. हे लगेच आलं.
रा. पुढं त्री. अडलो. तिनं सांगितलं नाही,
खिडकीकडं बघत बसली.
खो.
क.
ता.
त.
चारही सुटी वाचली. मग जोडली.

रात्री मी उठून मोरीत जातो, नळ सोडतो,
तोंडात टॉवेल कोंबतो.
वाटायचं, दोघी झोपल्यात.

“मोठ्यानं वाचा, उत्कर्षाचे बाबा.”
वाचलं.
पंख्याची कटकट तेवढी ऐकू येत होती.
बाई जरा वेळानं म्हणाल्या, बरोबर आहे.
पोरगी दप्तरात खोडरबर शोधायला लागली,
पुसू का? म्हणाली.
राहू दे म्हटलं.

घरी जाताना ती दरवेळी पाट्या वाचायला लावते.
सायकल मार्ट. पिठाची गिरणी. भडंग, घाऊक व किरकोळ.
त्या दिवशी नेहमीची गल्ली सोडून वळली,
एका पाटीसमोर उभं केलं.
द-वा-खा-ना.
वेळ सकाळी दहा ते एक.
म्हटलं, तेव्हा मी यार्डात असतो.
पुढचं वाचा, म्हणाली.
सायंकाळी सहा ते नऊ.
अजून एक ओळ आहे.
रविवारी बंद.

शुक्रवार होता.
आत दिवा चालू होता.