पिवळं म्हणजे ठीक

व्हेंदुला, किल्ली जिन्याखाली, डाव्या गमबुटात.
पंधरा दिवस मी नाही.
येसेनिकच्या डोंगरात हवा खायला पाठवतायत,
चाळीस वर्षं जमिनीखाली जी खाल्ली
तिच्यावर उतारा म्हणून.

प्रोकोपचं असं आहे.
टाकी साडेपाचशे लिटरची आणि आत तो एकटा.
लोक म्हणतात, केवढी ऐसपैस!
फूटभर लांब आहे गं तो,
वळतो तेव्हा शेपटी काचेला घासते.

पाणी सव्वीस अंशांवर हवं.
हीटरवर विसंबू नकोस, एकदा अडकला होता,
मध्यरात्री उठून बघतो तर
कल्ल्यांचा नुसता भाता चाललेला.
हात घाल, कोपरापर्यंत.
धड गार नाही, धड कोमट नाही, असं लागलं पाहिजे.

पोरुबाच्या नळाचा पीएच सातच्या आसपास.
घराणं ॲमेझॉनचं असलं तरी पोरगा ब्रनोच्या दुकानातला,
त्याला सात चालतं.
आज सात उद्या सहा, हे चालत नाही.
तेव्हा बाटल्यांतलं काही ओतून सुधारायला जाऊ नकोस.

शनिवारी पाणी बदलायचं. तिसरा हिस्सा.
सगळं बदललंस तर टाकी लखलखेल
आणि तो मरेल.
(मलाही हे आधी पटलं नव्हतं.)
नव्या पाण्यात निळ्या बाटलीतले थेंब, क्लोरीन मारायला,
मग ताटलीवर हळू ओत.
धबधबा केलास तर रुसतो, रात्रभर दगड ढकलत बसतो.

फिल्टरचा स्पंज तपकिरी दिसेल, किळस येईल.
नळाखाली धरू नकोस!
त्यात राहतात त्याचं मूत पचवणारे,
डोळ्यांना न दिसणारे.
टाकीतून काढलेल्या पाण्यातच एकदा पिळ, बस.
आमच्याकडे पंपावर होती अशी माणसं,
नावं कुणाला ठाऊक नसायची.
पंप थांबला की मात्र
सगळ्या पाळीला त्यांची आठवण व्हायची.

आता मुख्य.
काचेची नळी, खुणेपर्यंत पाणी,
दोन्ही कुप्यांतले आठ-आठ थेंब,
बूच लावून हलव, पाच मिनिटं थांब.
पिवळं म्हणजे ठीक.
हिरवी झाक आली,
एप्रिलात फांदीवर येते तेवढी जरी,
तर लगेच अर्धं पाणी बदल, खाणं बंद, मला फोन.

नितळ दिसतं म्हणून फसू नकोस.
नितळ हवेत मी रोज उतरलोय,
दिवा पुढे धरून,
ज्योतीवर निळी टोपी चढते का बघत.
एकदा यारोमीर चार पावलं पुढे होता.
वास नव्हता, रंग नव्हता, काही नव्हतं.
जाऊ दे, हे चिठ्ठीत कशाला.

गोळ्या सहा, दिवसातून एकदा.
तो आणखी मागेल.
तोंड काचेला लावून असा बघेल
जसं ओल्गाने मला लग्नातही बघितलं नाही.
तरी सहाच.
उरलेलं तळाशी कुजतं आणि तिथून सुरू होतं सगळं.
याच्या आधीच्याच्या कपाळाला खड्डे पडले,
मला वाटलं, वय.
वय नव्हतं, पाणी होतं.
तीन शनिवार मी बदललं नव्हतं,
ओल्गाच्या खाटेशी बसून होतो.

पहिले दोन दिवस तो कुशीवर पडेल, मेल्यासारखा.
नाटकं आहेत. मी गावाला गेलो की करतो.
कल्ला हलतोय ना, मग झालं.

फ्रीजमध्ये जर्दाळूचा मुरंबा आहे, तो तुझा.
माझं यायचं लांबलं
तर शनिवार चुकवू नकोस.

आणि बादली पिवळी घे.
लाल फरशीची आहे,
तिला साबण लागलेला असतो.

ओल्द्रिख, तिसरा मजला